कागद रयतेचा, वाचणारा भाडोत्री

जून महिना आला की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची रीघ लागते. इंग्रजी माध्यमाच्या पहिली-दुसरीच्या यादीत एक वस्तू हटकून असते, ती म्हणजे चार रेघी वही. त्या रेघांच्या पिंजऱ्यात पाच-सहा वर्षांची मुले रोमन अक्षरांना शेपट्या लावून ती एकमेकांत गुंफावयास शिकतात. या वळणाला ‘कर्सिव्ह’ म्हणतात. ज्या बापाला स्वतःला इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, त्याला मुलाच्या वहीतील ती सलग, डौलदार ओळ पाहून कृतार्थ वाटते. भरलेल्या फीचा तेवढाच दृश्य पुरावा त्याच्या हाती असतो.

याच बापाला दहा-बारा वर्षांनी आणखी एक सलग, डौलदार ओळ हाताळावी लागते. मुलाला महाविद्यालयात प्रवेश हवा असतो आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची असते. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टराचा उतारा निघतो, किंवा गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, ज्याला गाव नमुना चौदा म्हणतात त्याची, नक्कल निघते. त्या ओळीत पूर्वजाचे नाव, गाव, जात सारे काही असते. पण ती ओळ मोडीत असते. बाप कागद उलटासुलटा करून पाहतो. शाळेत शिकलेला, प्रसंगी पदवीधर असलेला हा गृहस्थ स्वतःच्या आजोबांच्या नावापुढे निरक्षर ठरतो आणि मोडी वाचणाऱ्याचा पत्ता विचारीत तालुक्याच्या गावी जातो.

सलग हस्ताक्षर शाळेत शिकवावे की नाही, हा वाद सध्या अनेक देशांत चालू आहे. महाराष्ट्रात तो कधी निघालाच तर इंग्रजी कर्सिव्हपुरता निघतो. मोबाईलच्या काळात त्याची गरज काय, असे एक पक्ष म्हणतो. अक्षराला वळण लागले की मुलाला वळण लागते, असे दुसरा म्हणतो. मराठीलाही स्वतःची सलग लिपी होती, ती अनेक शतके व्यवहारात होती, आणि सातारा-सांगलीकडील जुन्या गावदप्तराचा फार मोठा भाग तिच्यातच बांधून पडलेला आहे, याची आठवण दोन्ही पक्षांना नसते. म्हणून येथे प्रश्न वेगळा मांडावयास हवा. या दोन जिल्ह्यांच्या शाळांत जर एखादी सलग लिपी शिकवावयाची असेल, तर ती मोडी असली पाहिजे. तिचे कारण वारशाच्या अभिमानात शोधू नये. रयतेला स्वतःचा कागद स्वतः वाचता आला पाहिजे, एवढेच ते कारण आहे.

मोडी म्हणजे काय, हे नव्या कार्यकर्त्यांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. बोरू शक्यतो उचलावयाचा नाही. या एका सोयीपायी देवनागरीची अक्षरे मोडली, वळली, एकात एक गेली. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. राजश्री, मौजे, तालुका असे नित्याचे शब्द तर एखाद्या अक्षरावर भागवलेले असतात. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला तो वाचणाऱ्याच्या कष्टावर. ज्याला त्या गावची, त्या रकान्यांची आणि त्या काळच्या कारकुनी बोलीची माहिती आहे, त्याला हा कागद झरझर वाचता येतो. बाकीच्यांना ती पाण्यावरची रेघ वाटते. व्यवहाराची ही लिपी म्हणूनच मूठभरांच्या हाती सत्ता देणारी होती, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

नेमक्या याच मुद्द्यावर पुरोगामी वर्तुळातील काही मित्र मोडीचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. मोडी ही कुलकर्ण्याची लिपी, सावकाराची लिपी. तिच्यात बहुजन समाजाचे रक्त शोषणारी खते लिहिली गेली. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर राज्यातून कुलकर्णी वतन उठविले, तसेच त्या लिपीचेही विसर्जन झाले हे बरेच झाले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. यातील इतिहास खरा आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा साक्षीदार या मित्रांनाही नाकारता येणार नाही असा आहे.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होणारा खर्च बहुजनांच्या प्राथमिक शाळांकडे वळवावा, हे त्यातील मुद्दे कार्यकर्त्यांच्या तोंडपाठ असतात. त्याच निवेदनात जोतीरावांनी शेतकऱ्यांच्या मुलांना काय शिकवावे याचीही यादी दिली आहे. इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे काही पाठ हे सारे तिच्यात आहे. पण यादीच्या आरंभी आहे ते वाचन, मोडी आणि बालबोध लेखन, आणि हिशेब. ज्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, ज्यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीची लबाडी जितक्या कठोरपणे उघडी केली तितकी दुसऱ्या कोणी केली नाही, त्या जोतीरावांनी मोडी टाकून द्या असे म्हटले नाही. माळ्या-कुणब्यांच्या, महारा-मांगांच्या पोरांना ती शिकवा, असे त्यांचे मागणे होते.

त्याचे कारण त्या काळच्या घडामोडींत सापडते. निवेदनाच्या सातच वर्षे आधी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. सप्टेंबरात त्याची एक ठिणगी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील कोकरूडपर्यंत येऊन पडली. सरकारने नेमलेल्या आयोगाला जे दिसले ते लक्षणीय होते. दंगलखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर किंवा धान्यावर नव्हता, तो कागदांवर होता. कर्जखते हस्तगत करावयाची आणि जाळावयाची. शेतकरी अशा खताखाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे हे त्याला सावकाराने सांगितले तेवढेच ठाऊक असे. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यापाशी कागदाविरुद्ध आगकाडीखेरीज दुसरे साधन उरत नाही. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू केला गेला. खत गावच्या निबंधकासमोर लिहावे, ऋणकोला पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असे त्यात सांगितले होते. चांगली कलमे होती. पण पावती वाचावयास येत नसेल तर ती मिळून उपयोग किती? जोतीरावांच्या यादीत मोडी आणि हिशेब शेजारी-शेजारी आहेत, ते यासाठी.

मोडी शाळेतून गेली ती कोणाच्या कारस्थानाने गेली नाही. ही सलग अक्षरे खिळ्यांनी जुळविणे छापखान्याला जड जाई. श्रीरामपूरच्या केरीने १८१० सालचा आपला मराठी कोश मोडी टंकात छापला खरा, पण पुढे छपाईने बालबोध पत्करली. बराच काळ छापील वाचन बालबोधीत आणि हाताचा व्यवहार मोडीत, असा दुहेरी संसार चालला. मुंबई इलाख्यातील शाळांत मोडी वाचनाची शिळाछाप पुस्तकेही होती. स्वातंत्र्यानंतर, गेल्या शतकाच्या मध्यास, मोडीला शाळेतून रजा मिळाली. सर्वांना शिकवावयाचे तर एकच सोपी, स्पष्ट, छापील पुस्तकाशी जुळणारी लिपी असावी, हा विचार सार्वत्रिक शिक्षणाच्या दृष्टीने योग्यच होता. त्याबद्दल आज गळा काढणे म्हणजे निव्वळ भाबडेपणा होईल.

चूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी. शासनाने लिपी उठविली, पण त्या लिपीतील दप्तर उठविले नाही. ते पुढेही पुरावा म्हणून ग्राह्य राहिले. किंबहुना आरक्षण, कूळकायदा, पुनर्वसन यांसाठी त्याचे महत्त्व दर दशकाला वाढत गेले. अशा वेळी एक तर सारे गावदप्तर सरकारी खर्चाने बालबोधीत उतरवून घ्यावयास हवे होते, नाही तर प्रत्येक पिढीत पुरेसे वाचक तयार होतील अशी तजवीज ठेवावयास हवी होती. दोन्हींपैकी काहीच झाले नाही. सत्तर वर्षांच्या या हेळसांडीला कोणताही एक पक्ष जबाबदार नाही. सत्तेवर आलेल्या सर्वांचा तीत सारखा वाटा आहे.

इतिहासाच्या बाबतीत मात्र वाचक मिळाले, आणि तेही याच भागात. वि. का. राजवाडे यांच्या साधनखंडांची सुरुवात १८९८ साली झाली ती वाईत हाती लागलेल्या पत्रांतून. मिरजेत शाळामास्तरकी करीत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उलगडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. साताऱ्याला पारसनीस होते. या लोकांचे परिश्रम अफाट होते आणि त्यांना मोल नाही. पण छापले गेले ते बहुतांशी राजकारणाचे कागद होते : स्वाऱ्या, तह, सरदारांच्या तक्रारी, दरबारच्या बातम्या. जमाबंदी, कर्जखत, फारखत, वतनाची वाटणी, गावची जन्ममृत्यूची वही हे रयतेचे कागद रुमालात होते तसेच राहिले. त्यांना कोणी राजवाडे भेटले नाहीत.

परिणाम काय झाला, तो २०२३ साली सर्वांनी पाहिला. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी त्या वर्षीच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे काम आधी मराठवाड्यापुरते होते, ते पुढे राज्यभर वाढविले गेले. पहिल्या अहवालाच्या वेळी, ऑक्टोबरअखेर, शासनाने जाहीर केले की सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले असून ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या आहेत. कोटींच्या संख्येने कागद चाळावयाचे, आणि त्यांतील जुने कागद मोडीत व मराठवाड्यात उर्दूत! जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो. ज्या नोंदीवर लाखो कुटुंबांचे भवितव्य ठरणार ती वाचू शकणारी माणसे राज्याला शोधत फिरावे लागते, हे कोणत्याही लोकशाही राज्याला भूषणावह नाही.

२०२५ च्या ऑगस्टअखेर आझाद मैदानावर उपोषण झाले तेव्हा हैदराबाद गॅझेटबरोबर सातारा गॅझेटाचीही मागणी पुढे आली. तेव्हापासून साताऱ्याच्या चावडी-चावडीवर ‘गॅझेट’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गॅझेटिअरात असते ती जातींची गोळाबेरीज. अमुक माणसाचा पणजा अमुक गावी काय म्हणून नोंदला गेला, हे गॅझेटिअर सांगत नाही. ते गावची वहीच सांगते. म्हणजे मुंबईत कोणताही निर्णय होवो, वाट शेवटी पुन्हा त्या मोडी ओळीपाशीच येऊन थांबते. शिवाय येथील दप्तर एका ठिकाणीही नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी वाळवे-शिराळे, तासगाव, खानापूर हा मुलूख सातारा जिल्ह्यात, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने. पणजोबांच्या शोधात निघालेल्या माणसाला एका खोलीत सर्व काही मिळण्याची आशा कमीच.

अर्थशास्त्रात यासाठी एक जुना शब्द आहे : खंड. जमीन मर्यादित आहे म्हणून जमीनदाराला काहीही न पिकविता जे मिळते तो खंड. मोडी वाचकांची संख्या मर्यादित आहे, आणि ती निसर्गाने मर्यादित केलेली नाही, शासनाच्या निष्काळजीपणाने केलेली आहे. मागणी मात्र एका शासन-निर्णयासरशी शतपटीने वाढते. मग पानामागे दर ठरतो, निकडीच्या वेळी दर चढतो, आणि तो देण्यास सर्वांत कमी समर्थ असणाऱ्याला तो सर्वाधिक जाचतो. बागायतदार लिप्यंतराचा खर्च उसाच्या एका खेपेतून काढील. जत-आटपाडीकडील कोरडवाहू शेतकऱ्याचे, हंगामाला ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे काय? येथे मोडी वाचकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यातील कित्येकांनी हौसेने ही विद्या टिकविली, आणि तासन्‌तास डोळे फोडून केलेल्या कामाचा मोबदला मागणे हा त्यांचा हक्कच आहे. दोष आहे तो सार्वजनिक दप्तर वाचण्याचा व्यवहार खाजगी बाजारावर सोपविणाऱ्या व्यवस्थेचा.

आणि पैशाहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. वाचणारे दोघेच असतील तर त्यांनी सांगितलेला अर्थ तपासणार कोण? शब्दांमध्ये जागा नसलेल्या, संक्षेपांनी भरलेल्या ओळीत एका अक्षराच्या वाचनावर जातीचा रकाना फिरतो, वाटणीतील हिस्सा फिरतो. न्यायालयात दोन पक्षांचे दोन वाचक दोन वाचने सादर करतात तेव्हा न्यायाधीशही पक्षकाराइतकाच परावलंबी असतो. तलाठी ते वाचू शकत नाही, तहसीलदार वाचू शकत नाही, पडताळणी समितीचा सदस्य बहुधा वाचू शकत नाही. या साखळीत कोणीही खोटेपणा केला तर तो पकडावयास डोळेच नाहीत.

हे ओझे केवळ कुणबी नोंदींपुरते समजणे चूक ठरेल. महार वतनाच्या जमिनींचे उदाहरण घ्या. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण वतनाची जमीन कोणती, तिचे हिस्सेदार कोण, ती कोणाच्या घशात कशी गेली, याचा माग काढावयाचा तर जुन्या दप्तरात उतरावेच लागते. देवस्थान इनामाच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळांची गोष्ट वेगळी नाही. १९५७ चा कृषक दिन उजाडला तरी ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात चढले नाही, त्यांच्या वहिवाटीचा पुरावा त्याच्याही आधीच्या कागदांत असावयाचा. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांच्या वारसांना आज साठ वर्षांनंतरही पर्यायी जमिनीसाठी कागद दाखवावे लागतात. चळवळीने या सर्व प्रश्नांवर मोर्चे काढले, ठिय्या दिला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत पुराव्याची मागणी झाली की तोच कार्यकर्ता मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभा राहिला.

दूरच्या एका उदाहरणाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेत २०१० च्या सामाईक अभ्यासक्रमाच्या आराखड्यातून कर्सिव्ह वगळले गेले. बारा वर्षांतच, २०२२ साली, हार्वर्डच्या माजी अध्यक्ष आणि इतिहासकार ड्रू फाउस्ट यांनी जाहीरपणे लिहिले की त्यांच्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना जुनी हस्तलिखिते वाचताच येत नाहीत. २०२३ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत जोडलेले हस्ताक्षर पुन्हा आणले. एवढ्या श्रीमंत देशाला बाराच वर्षांत चूक उमगली. तेथे प्रश्न पणजोबांची पत्रे वाचण्याचा होता. येथे तो जमिनीचा आणि प्रवेशाचा आहे, आणि सत्तर वर्षे उलटली तरी प्रश्न आहे हेच मान्य व्हावयाचे आहे.

‘आता यंत्र वाचील’ हे यावरचे सर्वांत ताजे उत्तर. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मोडी कागदाची प्रतिमा देऊन देवनागरी लिप्यंतर काढणाऱ्या प्रणालींवर संशोधन चालू आहे. ते अवश्य व्हावे. परंतु यंत्राला शिकवावयासही जाणत्याने अचूक वाचून दिलेले कागद लागतात, आणि यंत्राने वाचलेले बरोबर की चूक हे सांगावयास पुन्हा माणूसच लागतो. शिवाय ते यंत्र कोणाचे असेल? आज पानामागे दर घेणारा वाचक निदान तालुक्याच्या गावी भेटतो, त्याच्याशी वाद घालता येतो. उद्या तोच खंड एखादी कंपनी घेऊ लागली तर वाद घालावयास खिडकीही सापडणार नाही. शासन जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा संगणकावर चढवीत आहे. खोलीचे कुलूप त्यामुळे निघाले. कागद मात्र पूर्वीइतकाच बंद आहे.

दुसरीकडे मोडीचा उत्सवही जोरात आहे. सदऱ्यांवर मोडी, दुकानांच्या पाट्यांवर मोडी, लग्नपत्रिकेत मोडी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून या हौसेला उधाण आले आहे. हौसेला विरोध नाही. परंतु ज्या लिपीतील अक्षरे छातीवर मिरवावयाची तिच्यात लिहिलेला सातबाराचा पूर्वज वाचता येऊ नये, ही अस्मिता फार स्वस्तातली झाली.

तर मग काय करावयाचे? आठवीच्या वर्षात इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासांतून तीसएक तासिका मोडी वाचनासाठी काढाव्यात. लेखनाचा हट्ट धरू नये. मोडीत सुंदर लिहिणारे कारकून आज कोणालाच नकोत. देवनागरी येणाऱ्या मुलाला अक्षरओळख दहा-पंधरा दिवसांत होते, बाकी सारा सरावाचा भाग. सराव करावयाचा तो त्याच तालुक्यातील कागदांवर : विहिरीचा करार, जमाबंदीचा ताळेबंद, दुष्काळातील सूटतहकुबीचा अर्ज. जातीच्या नोंदी असलेली वही वर्गात पाठ म्हणून मुळीच वापरू नये. कोणाच्या पणजोबांना काय म्हटले होते हे चाळीस पोरांदेखत वाचून दाखविण्यात शिक्षण नाही, विटंबना आहे. सर्वच मुले तरबेज होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. गावात पाच-सहा माणसे अशी असली की ज्यांच्याकडे कागद नेला तर ‘हे वाचन बरोबर नाही’ एवढे ती सांगू शकतील, तरी मक्तेदारी मोडते. त्यावर प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात एक पगारी मोडी वाचक नेमावा आणि सार्वजनिक दप्तरातील नोंदीचे लिप्यंतर विनामूल्य करून द्यावे.

मुलांवर आधीच ओझे आहे, त्यात हे कशाला, असे विचारले जाईल. ओझ्याचा विचार करावयाचाच तर तो चार रेघी वहीपासून करावा. इंग्रजी कर्सिव्ह ओळखता यावे यासाठी काही आठवडे पुरतात. ते वळण घोटून घेण्यात वर्षे घालविण्याचे प्रयोजन काय, हे शाळांनी सांगावे. दहावीच्या परीक्षेला तीन तास हातानेच लिहावे लागते, तेव्हा स्पष्ट आणि भराभर लिहिता आलेच पाहिजे. पण त्याला सुटे अक्षर आड येत नाही, आणि भरपूर लिहिणाऱ्याचे अक्षर आपोआप जुळू लागते. हाताने लिहिल्याने लक्षात राहते असे सांगतात तेही लिहिण्याला लागू आहे, शेपट्यांना नाही. राहिली ओझ्याची गोष्ट, तर ज्या शासनाने २०२५ साली पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषा लादण्याचा निर्णय काढला आणि लोकांनी धारेवर धरल्यावर २९ जूनला तो मागे घेतला, त्याने आठवीच्या तीस तासिकांचे ओझे मोजू नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ पासून तिचे केंद्र साताऱ्यात आले, आणि सांगलीकडील डोंगरी-दुष्काळी गावांपर्यंत शाळा पोहोचल्या. प्रयोग करावयास याहून योग्य भूमी राज्यात दुसरी नाही. पण अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग घेते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ घेते. त्या वर्गांत इतिहासाचे हौशी असतात, निवृत्त अधिकारी असतात. दाखल्यांच्या आणि कूळ-वतनांच्या शिबिरांत दिवसभर अर्ज भरून देणारे कार्यकर्ते तेथे क्वचितच दिसतात. शिराळ्यापासून जतपर्यंत आणि वाईपासून माणपर्यंत प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण, त्यांतील एक मुलगी, येत्या सुट्टीत या वर्गांना पाठवावयास पक्षाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या शिबिरात अर्जांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे, त्यावर भिंग आणि बाराखडीचा तक्ता असावा, आणि दरपत्रक नसावे.